गाईच्या वंशाचा नकाशा



पोळ्याच्या दिवशी गावचे बैल तोरणाखाली उभे राहतात, तेव्हा जमलेली जुनी मंडळी काय करतात ते आपण पाहिलेच आहे. कोणी वशिंडाकडे पाहतो, कोणी खूर न्याहाळतो, कोणी शिंगाची ठेवण आणि शेपटीचा गोंडा पाहून बैल कोणत्या वळणाचा ते सांगतो. ही पारख पुस्तकात शिकविलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या गुरांच्या मागे फिरून ती डोळ्यांत उतरलेली असते, आणि बहुधा ती खरी ठरते.

परंतु ही पारख बाहेरून होते. आत, रक्तामांसाच्या कणाकणांत, त्या बैलाच्या वंशाचा जो लेख लिहिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. अलीकडच्या काळात तो लेख वाचला गेला आहे, त्याचे नकाशे तयार झाले आहेत, आणि ते घरबसल्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहता येतील, एकाशेजारी एक ठेवून ताडून घेता येतील, अशी साधनेही झाली आहेत. त्यांसाठी एक पैसा पडत नाही. हे नकाशे असतात कसे, वाचावयाचे कसे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतल्या माणसाला त्यांचा उपयोग काय, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या दावणीपासूनच करू. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया या भागांत धानाच्या बांधीत चिखलणी करणारे जे लहान चणीचे, काटक गुरू आहे, त्याला 'कठाणी' असे नाव आहे. गडचिरोली शहराजवळून वाहणारी नदीही कठाणीच. वर्षानुवर्षे ही गुरे सरकारी कागदावर 'गावठी' या एकाच शब्दात मोडत होती. ज्याला नाव नाही त्याचा वाली कोण? पुढे २०२३ सालच्या आरंभी देशातील पाळीव जनावरांच्या दहा नव्या जातींची नोंद जाहीर झाली, आणि तीत कठाणी गाईचे नाव आले. ही नोंद हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था करते. तिची स्थापना १९८४ सालची. त्याच यादीत विदर्भाची पूर्णाथडी म्हैसही होती. गवळाऊ आणि नागपुरी म्हैस यांची नावे तर आधीपासूनच सर्वांना ठाऊक आहेत.

नाव मिळाले, पण नाव म्हणजे सर्व काही नव्हे. गावात नवा माणूस आला तर आपण नाव विचारतो, मग गाव विचारतो, मग कुळ विचारतो. कठाणीचे कुळ कोणते, तिच्या रक्तात दुसऱ्या जातींची भेसळ किती, चिखलात न थकता काम करण्याचा गुण तिच्या वंशात कोठे लिहिला आहे, हे प्रश्न अजून उभेच आहेत. त्यांची उत्तरे शोधावयाची तर नकाशा हवा.

आता नकाशा म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक गाईच्या शरीरात असंख्य पेशी असतात. पेशीच्या गाभ्यात दोऱ्यासारखी गुणसूत्रे असतात. गाईची गुणसूत्रे ६०, म्हणजे ३० जोड्या. माणसाची ४६, बकरीची ६०, मेंढीची ५४, डुकराची ३८ आणि कोंबडीची ७८. या दोऱ्यांवर डीएनए नावाच्या द्रव्याची लांबच लांब ओळ असते, आणि तिच्यात अवघी चार अक्षरे पुनःपुन्हा येतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, सी, जी, टी म्हणतात. गाईच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे २७० कोटी अक्षरे आहेत. त्या ओळीत जागोजागी अर्थपूर्ण वाक्ये असतात. अशा एका वाक्याला जनुक म्हणावे. गाईत अशी सुमारे २२ हजार जनुके मोजली गेली आहेत.

आपल्या तलाठ्याच्या दप्तराशी हे ताडून पाहिले म्हणजे चटकन ध्यानात येते. सबंध जनुकसंच म्हणजे जणू एक तालुका. एकेक गुणसूत्र म्हणजे एकेक गाव. एकेक जनुक म्हणजे गावातला एकेक गट. गट क्रमांक ठाऊक असला की शेत कोठे आहे, त्याच्या उत्तरेला कोण, दक्षिणेला कोण, ते गावनकाशावर सापडते. तद्वत जनुकाचे नाव ठाऊक असले की ते कोणत्या गुणसूत्रावर, कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे, ते या नकाशावर सापडते.

असे नकाशे दोन प्रकारचे असतात. पूर्वी आपल्याकडे जंगलातल्या गावाचे अंतर कोसांत कमी आणि चालण्याच्या वेळात जास्त सांगत. 'सकाळी निघाल तर जेवायच्या वेळेला पोचाल' असे उत्तर मिळे. वाट घाटाची असली तर थोड्या अंतराला वेळ फार लागतो. पहिल्या प्रकारचा नकाशा असाच आहे. दोन गुण आईबापांकडून पिलात कितीदा एकत्र उतरतात आणि कितीदा वेगळे होतात हे मोजून तो काढतात. जवळचे गुण बहुधा एकत्र येतात, लांबचे वारंवार तुटतात. १९१३ साली अमेरिकेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने फळमाशीच्या सहा गुणांवरून असा पहिला नकाशा काढला. त्याचे गुरू टॉमस मॉर्गन यांच्या नावावरून या अंतराला सेंटिमॉर्गन म्हणतात. गाईचे असे विस्तृत नकाशे १९९४ साली प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या प्रकारचा नकाशा साखळी टाकून मोजणी करावी तसा असतो. त्यात अक्षर न् अक्षर मोजलेले असते. गाईचा हा नकाशा २००९ साली जगापुढे आला. २५ देशांतील तीनशेहून अधिक शास्त्रज्ञ त्यासाठी खपले. ज्या गाईचे रक्त त्यासाठी वाचले गेले ती अमेरिकेतील मॉन्टाना प्रांतातली, हेरफर्ड जातीची, डॉमिनेट नावाची गाय. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नकाशे झाले, परंतु २७० कोटी अक्षरे कागदावर छापून वाचणार कोण? म्हणून संगणकावर पाहण्याची साधने तयार झाली. या वाटेवर पहिल्या पिढीत चाललेली एक संस्था म्हणजे स्कॉटलंडमधील रोझलिन. डॉली मेंढी १९९६ साली जन्मली ती याच संस्थेत. गाय, डुक्कर, कोंबडी, मेंढी यांचे नकाशे एकत्र ठेवणारे 'आर्क-डीबी' नावाचे भांडार तेथे १९९० नंतरच्या दशकात उभे राहिले, आणि निरनिराळ्या जनावरांचे नकाशे शेजारी शेजारी मांडून रेघांनी जोडण्याची सोय तेथील मंडळींनी केली. आज सर्वांना खुली असलेली मोठी साधने म्हणजे इंग्लंडमधील 'एन्सेम्बल', कॅलिफोर्निया विद्यापीठाचा 'जीनोम ब्राउझर', आणि अमेरिकन सरकारच्या एनसीबीआय या केंद्राचे दर्शक. कोणता गुण गुणसूत्राच्या कोणत्या भागाशी निगडित आढळला, याचे भांडार अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात आहे. तिथे दूध, शिंगे, रोगप्रतिकार अशा एकेका गुणाच्या जागा पाहावयास मिळतात.

वापरण्याची रीत अवघड नाही. प्रथम जनावर निवडावयाचे. मग जनुकाचे नाव लिहावयाचे. पडद्यावर एक आडवी पट्टी येते. ते गुणसूत्र. तिच्यावर एक लहानशी खूण दिसते. ती आपली जागा. जिल्ह्याच्या नकाशावरून तालुक्यावर, तालुक्यावरून गावावर, गावावरून गटावर यावे, तसे जवळ जवळ जाता येते, आणि शेवटी एकेक अक्षर दिसू लागते. पट्टीखाली ओळीने माहितीच्या आणखी पट्ट्या असतात. एकीवर जनुके, दुसरीवर गाई-गाईंत जेथे अक्षरे बदलतात त्या जागा, तिसरीवर दुसऱ्या जनावराशी जुळणारे भाग. हव्या त्या ठेवाव्यात, नको त्या मिटाव्यात. भाषा मात्र इंग्रजी आहे, आणि येथेच गुरुजींची गरज लागते.

खरी गंमत आहे ती ताडून पाहण्यात. गाईची गुणसूत्रे ६० आणि आपल्या म्हशीची ५०. मग म्हशीचे दहा दोरे गेले कोठे? दोन्ही नकाशे समोरासमोर ठेवून जुळणाऱ्या भागांना रेघा ओढल्या की उत्तर दिसते. गाईचे १ आणि २७ क्रमांकाचे गुणसूत्र मिळून म्हशीचे १ क्रमांकाचे झाले आहे. गाईचे २ आणि २३ जोडून म्हशीचे २ झाले आहे. अशी पाच जुळणी झाली आहेत. प्रत्येक जुळणीत दोन जोड्यांची एक जोडी झाली, म्हणजे दोन गुणसूत्रे कमी झाली. पाच दुणे दहा. माल हरवला नाही, दोन पेट्या एकत्र बांधल्या इतकेच. शाळेतल्या मुलालाही हा हिशेब पटेल.

दुसरे उदाहरण दुधाचे. दूध नासले की जो चोथा वेगळा होतो त्यात मुख्यत्वे केसीन नावाची प्रथिने असतात. गाईत ही चार प्रथिने बनविणारी चार जनुके ६ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकाच आळीत, शेजारी शेजारी नांदतात. बकरीतही ती ६ क्रमांकावर आहेत. म्हशीत ७ क्रमांकावर, आणि माणसात ४ क्रमांकावर. गावाचे नाव बदलले, आळी तीच राहिली. म्हणून एका जनावरात लागलेला शोध दुसऱ्यात कोठे तपासावा हे कळते. बकरीवर संशोधन थोडे झाले असले तरी गाईचा नकाशा तिला वाट दाखवितो. ताडून पाहण्याच्या साधनाचे सारे मोल यात आहे.

या चारांपैकी एका जनुकाचे नाव सीएसएन२. हल्ली बाजारात 'ए-वन' आणि 'ए-टू' दुधाची जी चर्चा चालते, ती याच जनुकाविषयी. त्याच्या एका जागी केवळ एक अक्षर बदलते: 'सी' असेल तर ए-टू, 'ए' असेल तर ए-वन. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील ६७ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन येते. भेद आहे तो एवढाच. आपल्या देशी गाईंत ए-टूचा आढळ फार मोठा आहे. म्हणून कोणी डबा पुढे करून 'हे खास दूध' म्हणून दुप्पट दाम मागितला, तर भेद कोणत्या अक्षराचा आणि तपासले कोणी, एवढे विचारण्याचे धाडस आपणांस यावे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. जमिनीचे जुने सर्व्हे क्रमांक आणि नवे गट क्रमांक यांचा घोळ शेतकऱ्याला नवा नाही. जुन्या कागदावरचा क्रमांक घेऊन नव्या नकाशात शेत शोधले तर आपण भलत्याच्याच बांधावर उभे राहतो. येथेही तसेच आहे. २००९ च्या एका आवृत्तीत वरील अक्षराची जागा ६ व्या गुणसूत्रावर सुमारे ८ कोटी ७२ लाखांवर होती. २०१८ च्या सुधारलेल्या आवृत्तीत ती सुमारे ८ कोटी ५४ लाख ५१ हजारांवर आली. गाय तीच, अक्षर तेच, मोजणी अधिक नेमकी झाली. म्हणून कोणत्याही लेखात जागेचा आकडा दिसला की प्रथम विचारावे: नकाशा कोणत्या आवृत्तीचा?

आणि याहून मोठी सावधगिरी पुढे आहे. 'गाय' असे लिहून जी पट्टी पडद्यावर येते, ती कोणाची गाय? आपण लक्षात ठेवलेले नाव येथे कामी येते. ती डॉमिनेट, थंड मुलखातली, बिनवशिंडाची हेरफर्ड. आपली वशिंडाची गाय तिच्यापासून, माणसाने गुरे पाळावयास लागण्यापूर्वीच, फार प्राचीन काळी वेगळी झालेली. दोघींचे बहुतेक लेखन सारखे असले तरी जे वेगळे आहे, उष्णता सोसणे, गोचिडीला दाद न देणे, कोरड्या तणसावर निभावणे, तेच आपल्या कामाचे. परक्या गावचा नकाशा घेऊन आपली बांधी शोधण्यासारखे हे होते.

नवल असे की वशिंडाच्या गाईचे पूर्ण नकाशे प्रथम परदेशांतून आले. आंध्रातील ओंगोल गुरे ब्राझीलमध्ये नेली गेली आणि तेथे नेलोर नावाने वाढली. त्यांच्या बैलाचा नकाशा २०१२ साली निघाला. अमेरिकेत भारतीय जातींपासून ब्राह्मण नावाची जात तयार झाली. तिचा अधिक नेमका नकाशा २०२० साली ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठाने पुढे आणला. आपलीच लेक सासरी जाऊन नावाजली, मग माहेरी तिची विचारपूस झाली.

परंतु आपला देशही स्वस्थ बसलेला नाही. प्रत्येक जनावराची २७० कोटी अक्षरे वाचणे परवडत नाही. पिकाची आणेवारी काढताना सबंध शिवार कापीत नाहीत, निवडक जागी पीक कापून अंदाज बांधतात. तसे, जेथे गाई-गाईंत फरक पडतो अशा निवडक जागाच वाचणारी एक चकती असते. तिला चिप म्हणतात. परदेशी चिपेवरील जागा परदेशी गाई पाहून निवडलेल्या, म्हणून आपल्या जातींतले भेद तीत पुरे उमटत नसत. २०२१ साली हैदराबाद येथील राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गाईंसाठी 'इंडिगौ' ही चिप तयार केली. तिच्यावर ११,४९६ जागा आहेत. पुढे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या विदर्भातच, वाशीम येथे, गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले.

चिपेवरून जे आकडे येतात ते नकाशावर मांडले की हा बैल शुद्ध आहे की संकरित, दोन गावांतले वळू एकाच घराण्यातले आहेत काय, हे सांगता येते. ही माहिती चैनीची नव्हे. समजा, गावात एकच वळू आहे आणि वर्षानुवर्षे त्याच्याच वंशातल्या कालवडी त्याच्यापाशी जात आहेत. मग वंश खुजा होतो, वासरे दगावतात, आणि आपण दैवाला बोल लावतो. नकाशा सांगतो की दोष दैवाचा नाही, वळू बदलावयास हवा.

हाच प्रश्न जंगलातही आहे. अहेरी तालुक्यातील कोलामार्काचे रान रानम्हशींसाठी राखलेले आहे. रानम्हैस आणि पाळीव म्हैस यांचा संकर होऊ शकतो. पाळीव रक्त मिसळत गेले तर रानम्हैस नावालाच उरेल. रेड्याच्या शिंगांवरून हे नेहमीच ओळखता येत नाही. वंशाच्या लेखावरून ओळखता येते.

येथे कोणी म्हणेल, 'गुरुजी, हे सारं खरं, पण माझ्या गाईला याचा काय फायदा? तिला चारा पाहिजे.' प्रश्न अगदी रास्त आहे. नकाशा चारा देत नाही, लाळ्या-खुरकुताची लस टोचीत नाही, आटलेल्या बोडीत पाणी आणीत नाही. चांगल्या वंशाची गाय उपाशी ठेवली तर ती कमीच दूध देणार. शिवाय दूध किंवा ताकद यांसारखे गुण एका जनुकाचे नसतात. शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात त्यांत असतो. शिंगे असणे-नसणे ही गोष्ट १ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आरंभी असलेल्या एकाच जागेवर बहुतांशी ठरते. चिखलात दिवसभर वखर ओढण्याचे बळ असे एका जागी सापडावयाचे नाही.

तरीही कठाणीच्या बाबतीत वेळ थोडा आहे. ट्रॅक्टर बांधीत उतरला, बैलाचे काम कमी झाले. दुधाच्या आशेने संकर वाढला. चांगला गोऱ्हा दिसला की तो लवकर खच्ची करून औताला लावतात किंवा विकतात, आणि मागे उरतो तो निकृष्ट वळू होतो. असे दहावीस वर्षे चालले तर नकाशा काढावयास शुद्ध कठाणी शोधून सापडणार नाही. लेख वाचण्याची विद्या आली आणि पोथीच वाळवीने खाल्ली, अशी गत होईल.

म्हणून गावाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, उत्तम गोऱ्ह्यांतले एक-दोन वळू म्हणून राखावेत आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावाशी अदलाबदल करावी. दुसरी, गाईच्या कानातला बारा अंकी बिल्ला काढून टाकू नये. तो तिचा क्रमांक आहे, आणि कोणती गाय कोणत्या वळूकडे गेली याची नोंद त्याच क्रमांकावर वहीत ठेवावी. नोंद नसेल तर महागडी चिपही मुकी राहते. तिसरी, पशुवैद्यकीय दवाखान्याचे किंवा विद्यापीठाचे लोक रक्ताचा वा केसांचा नमुना मागावयास आले तर ते कशासाठी, निकाल आम्हांला कळेल का, हे मोकळेपणी विचारावे, आणि समाधान झाले तर नमुना द्यावा. थेंबभर रक्ताने गाय दुबळी होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग करून पाहावा. वर्गात दोन सुतळ्या आडव्या ताणाव्यात. एक गाईचे ६ क्रमांकाचे गुणसूत्र, दुसरी माणसाचे ४ क्रमांकाचे. दोन्हींवर केसीनची जुळणारी जनुके म्हणून रंगीत चिंध्या बांधाव्यात आणि सारख्या रंगांना दोऱ्याने जोडावे. मग मोबाइलवर खरा नकाशा उघडून तीच जागा दाखवावी. त्यानंतर मुलांना घरी धाडावे आणि आजोबांना विचारून यावयास सांगावे: आपल्या गाईची आई कोणाची, तिची आई कोणाची, वळू कोठचा? जितक्या पिढ्या आठवतील तितक्या लिहाव्यात. विज्ञानाचा नकाशा आणि आजोबांची आठवण ही दोन्ही एकाच वहीत आली म्हणजे धडा पुरा झाला.

पुढच्या पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतील तेव्हा वशिंड, खूर, शिंग अवश्य पाहा. त्याबरोबर एवढेही मनात आणा की त्या कातड्याखाली २७० कोटी अक्षरांची एक जुनी पोथी आहे. परक्या गाईची पोथी जगाने वाचली. आपल्या कठाणीची पोथी वाचली जाईपर्यंत ती दावणीला शाबूत राहिली पाहिजे, आणि ते काम कोणत्याही संगणकाचे नाही, गावाचे आहे.